घाटउतारावर थरथरणारी सायकल आणि चाकाचं बॅलन्सिंग

साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट उतरताना किंवा पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे येताना सायकल ताशी पस्तीसपर्यंत गुमान चालते. पंचेचाळीसला पोचली की हँडलमध्ये थरथर सुरू होते. खाली सपाटीला आल्यावर पुन्हा सगळं शांत. मग कोणीतरी सांगतं, 'चाक बॅलन्स करून घे.' मोटारीच्या चाकाला शिशाचे तुकडे लावतात तसे सायकलच्या रिमला लावायचे, असा त्यामागचा विचार असतो.

बॅलन्सिंग करता येतं, घरी करता येतं, आणि त्याची पद्धत खाली सविस्तर दिली आहे. पण ते शेवटचं काम आहे. टायर वाकडा बसला असेल, रिम आऊट (म्हणजे फिरताना वाकडं) असेल, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) किंवा हेडसेटमध्ये (हँडल ज्या बेअरिंगवर वळतं त्या सांध्यात) खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल, तर रिमला कितीही वजनं चिकटवली तरी थरथर जाणार नाही. उलट खरा दोष तसाच राहील आणि तो उतारावर अंगाशी येईल.

आधी थरथर ओळखा

थरथर कधी आणि कुठे जाणवते, यावरून निम्मं निदान होतं.

चाकाच्या फेरीगणिक एक हिसका जाणवत असेल, वेग वाढला की हिसके जलद होत असतील आणि ते सीटपर्यंत किंवा तळहातापर्यंत पोचत असतील, तर दोष चाकात आहे. टायर, रिम आणि वजन, या तिन्हींपैकी काहीतरी. सीटखाली जास्त जाणवलं तर बहुधा मागचं चाक, तळहातांना जाणवलं तर पुढचं.

हँडलच डावीकडे-उजवीकडे डोलायला लागलं आणि दोन-तीन सेकंदांत तो झोका वाढत गेला, तर ते वेगळं प्रकरण आहे. याला वॉबल म्हणतात. एखाद्या ठराविक वेगालाच तो सुरू होतो, हात हँडलवरून पूर्ण काढले की जास्त येतो आणि वेग उतरला की आपोआप थांबतो. यात फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन दांड्यांचा भाग), स्वाराचं वजन आणि सामान असं सगळं मिळून झुलत असतं. चाक त्यातला एक भाग फक्त.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर बॅलन्सचा संबंध नाही. रिम ब्रेकच्या सायकलला रिमच्या जोडावर उंचवटा असतो किंवा खड्ड्यात आपटून रिमची कड बाहेर आलेली असते. डिस्क ब्रेक असेल तर रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, वाकलेला असतो.

किती वजनाने किती फरक पडतो

७००×२५ टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. ताशी ५० किलोमीटरला हे चाक सेकंदाला साडेसहाहून थोड्या जास्त फेऱ्या मारतं. रिमच्या एका जागी ३० ग्रॅम जास्तीचं वजन असेल तर या वेगाला ते साधारण १६ न्यूटनने, म्हणजे दीड किलोहून थोड्या जास्त जोराने बाहेर ओढतं. ताशी २५ ला हीच ओढ चौथा हिस्सा उरते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून साताऱ्यात पोवई नाक्यावर जे जाणवत नाही ते घाटात जाणवतं. जास्तीचं वजन १० ग्रॅमच असेल तर ताशी ५० ला ओढ जेमतेम साडेपाचशे ग्रॅमची, आणि ती डांबराच्या खरखरीत बुडून जाते.

स्टँडवर मागचं चाक जोरात फिरवलं की अख्खी सायकल नाचते आणि माणूस घाबरतो. पुढे ५० दात्यांची चेनरिंग, मागे ११ दात्यांची गिअर आणि पेडल मिनिटाला ९० फेऱ्यांनी फिरवलं, तर चाक मिनिटाला ४०९ फेऱ्या करतं. रस्त्यावर तो वेग ताशी पन्नासच्या वर जाईल. स्टँडवर सायकल मोकळी असते म्हणून ती उडते. रस्त्यावर तिच्यावर तुमचं वजन असतं आणि चाक जमिनीला दाबलेलं असतं. स्टँडवरचा नाच बघून लगेच वजनं आणायला पळू नका.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वॉबलचे झोके साधारणपणे सेकंदाला चार ते आठ असतात आणि चाक तेवढ्या फेऱ्या ताशी ३० ते ६० च्या दरम्यान मारतं. म्हणजे खराब चाकाचा फेरीगणिकचा हिसका एखाद्या वेगाला फ्रेमच्या स्वतःच्या झोक्याशी जुळू शकतो. पाळण्याला बरोबर वेळेवर हात लागत गेला तर झोका वाढतो, तसंच. म्हणून चाक नीट करणं वॉबलच्या बाबतीतही वाया जात नाही.

पहिली पायरी: टायर नीट बसलाय का

फेरीगणिक बसणाऱ्या हिसक्यांचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, आणि दुरुस्तीला खर्च शून्य. टायरच्या बाजूला, रिमच्या कडेला लागून, एक बारीक उठावाची रेष असते. सायकल उलटी ठेवा, चाक हळू फिरवा आणि ती रेष बघा. पूर्ण फेरीत ती रिमच्या कडेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी रेष रिमच्या आत गेलेली असते. तिथे टायर खाली दबलेला असतो आणि चाक फिरताना तेवढ्याच भागात टायर खोलगट दिसतो. ही जागा बहुतेक वेळा वॉल्व्हपाशी सापडते, कारण पंक्चर काढल्यावर वॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब टायरच्या कडेखाली अडकते.

हवा पूर्ण काढा. वॉल्व्ह आत ढकलून ट्यूब मोकळी करा. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, कडेला साबणाचं पाणी लावा आणि निम्मी हवा भरा. रेष पुन्हा बघा. जिथे दबलेली असेल तिथे दोन्ही हातांनी टायर बाहेर ओढून मळल्यासारखा फिरवा, मग पूर्ण हवा भरा. टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुरे होतात. दुकानात डोळे झाकून शंभर-एकशेवीस भरून देतात, त्याने थरथर वाढतेच आणि पकडही जाते.

रेष सगळीकडे सारखी आहे पण टायरच एका जागी फुगीर किंवा नागमोडी आहे, असं दिसलं तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर टाकून द्या. घाटात तो फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

दुसरी पायरी: हब आणि हेडसेटचा खेळ

चाक सायकलला लावलेलं असताना रिम वरच्या बाजूला दोन बोटांत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. टक-टक जाणवलं तर हबमध्ये खेळ आहे. क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, लीव्हरने चाक आवळायच्या) हबला एक बारकावा असतो. लीव्हर आवळल्यावर एक्सल किंचित दबतो आणि कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट) घट्ट होतात. म्हणून चाक बाहेर काढल्यावर अगदी बारीक खेळ असावा आणि लावल्यावर तो नाहीसा व्हावा. बाहेरच पूर्ण घट्ट केलं तर लावल्यावर छर्रे आवळले जातात आणि कोन खड्ड्याखड्ड्यांचे होतात.

कोन-छर्ऱ्यांचा हब असेल तर पुढच्या हबला बहुधा १३ मिलिमीटरचा पातळ कोन पाना आणि मागच्याला १५ चा लागतो. पुढे सहसा ३/१६ इंची छर्रे बाजूला १०, मागे १/४ इंची छर्रे बाजूला ९. उघडल्यावर कोनवर खड्डे दिसले तर कोन बदला. नवे छर्रे आणि ग्रीस घातल्याने खड्डे बुजत नाहीत.

क्विक रिलीज बंद करताना लीव्हरचा ठसा तळहातावर उमटायला हवा, इतका जोर लागतो. चाक फोर्कच्या खाचेत दोन्हीकडून तळापर्यंत बसलंय हे सायकल सुलटी, जमिनीवर उभी असतानाच बघा. उलट्या सायकलीत ते फसवं दिसतं.

हेडसेटसाठी सायकल जमिनीवर उभी करा, पुढचा ब्रेक दाबा, दुसऱ्या हाताची बोटं हेडट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. सांध्यात बोटाला टकटक लागली तर खेळ आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर आतले बेअरिंग गेले. असं हँडल सरळ रेषेत राहू बघतं, स्वार सतत त्याच्याशी झगडतो आणि वॉबलला निमित्त मिळतं. इथे आवळणं उपाय नाही, बेअरिंग बदलणं हाच.

नुसता खेळ असेल तर स्टेमच्या (हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाच्या) बाजूचे दोन्ही बोल्ट आधी सैल करा. मग वरच्या टोपीचा बोल्ट एक अष्टमांश फेरी आवळा आणि खेळ तपासा. गेला नसेल तर आणखी एक अष्टमांश. हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट आलटून पालटून स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कला आवळा, बहुतेक स्टेमवर तो ५ न्यूटन मीटर असतो. बाजूचे बोल्ट सैल न करता टोपी आवळणं ही नेहमीची चूक. त्यात खेळ तसाच राहतो आणि टोपीचा आटा मात्र जातो.

तिसरी पायरी: रिमचा आऊट काढणं

इथे घाई करू नका. चांगला मिस्त्रीसुद्धा एका चाकाला अर्धा तास देतो.

लागणारं सामान म्हणजे निपलच्या (तारेच्या रिमकडच्या टोकावरच्या नटच्या) मापाचा स्पोक पाना, दोन प्लॅस्टिकचे झिप टाय, खडू आणि थोडं पातळ तेल. पान्याचं माप नक्की जुळलं पाहिजे. ३.२३ मिलिमीटरच्या निपलला ३.४५ चा पाना लावला तर निपलचे कोपरे गोल होतात, मग ते फिरवायचं साधनच उरत नाही.

सायकल उलटी ठेवून फोर्कच्या दोन्ही दांड्यांना एकेक झिप टाय आवळा आणि त्यांची टोकं अशी कापा की रिमपासून एक मिलिमीटर अंतर राहील. प्रत्येक निपलवर तेलाचा एक थेंब सोडा आणि दहा मिनिटं थांबा. त्याआधी एकेक तार (स्पोक) बोटाने छेडून घ्या. एका बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा यायला हवा. एखादी भदभद वाजली तर ती सैल आहे, आणि निम्मा आऊट त्याच जागी असतो. मागच्या चाकात गिअरकडच्या तारा जास्त ताणलेल्या असतात आणि डावीकडच्या जवळपास निम्म्या ताणाच्या. डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकात डावी बाजू जास्त ताणाची असते. त्यामुळे डावीचा सूर डावीशीच जुळवा.

दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. उलट्या सायकलीत चाकाच्या माथ्यावरून, टायरच्या बाहेरून खाली हबकडे बघा. तिथून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की निपल आवळतं. फक्त त्याच जागेवरून फिरवायची सवय लावा, म्हणजे गोंधळ होत नाही.

चाक हळू फिरवा. रिम उजव्या टायला घासलं त्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटाला खडूची खूण करा. समजा मधे चार तारा आहेत. त्यांतल्या हबच्या डाव्या फ्लँजला (कडेच्या चकतीला) जाणाऱ्या दोन तारा पाव-पाव फेरी आवळा आणि उजवीकडच्या दोन पाव-पाव फेरी सैल करा. कडेच्या तारांना त्याच्या निम्मंच द्या. पुन्हा फिरवून बघा. एका वेळी अर्ध्या फेरीपेक्षा जास्त कधीच देऊ नका. नुसतं आवळत गेलं तर आऊट निघतो खरा, पण तेवढ्या भागात रिम आत ओढलं जातं आणि चाक अंड्यासारखं होतं. ताण फार वाढला तर पुढे निपलच्या भोकापाशी रिमला चिरा पडतात.

पाना फिरतो तेव्हा तारही थोडी पिळते. नंतर रस्त्यावर ती पीळ सोडते, टिंग-टिंग आवाज येतो आणि पाच किलोमीटरवर आऊट परत येतो. म्हणून हव्या जागेच्या थोडं पुढे फिरवून तेवढंच मागे घ्यायचं.

बाजूचा आऊट एक मिलिमीटरच्या आत आला की उंचीचा बघा. एक झिप टाय रिमच्या बाहेरच्या कडेसमोर आणा, टायर आडवा येत असेल तर काढून ठेवा. रिम जिथे बाहेर फुगलंय तिथल्या डाव्या आणि उजव्या दोन्ही तारा सारख्याच, अर्धी फेरी आवळा. जिथे आत गेलंय तिथे दोन्ही सैल करा. खड्ड्यात आपटून रिमच चेपलं असेल तर तारांनी ते बाहेर येत नाही. तो भाग सोडून द्या, नाहीतर तिथल्या तारा लोंबत्या राहतील.

उंची झाल्यावर परत बाजू. शेवटी समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या हातमोजे घालून मुठीत जोरात दाबा, पूर्ण चाकभर. तारा आपापल्या जागी बसतात आणि थोडा आऊट पुन्हा दिसतो, तो काढून टाका. अर्धा मिलिमीटर बाजूला आणि साधारण तेवढाच उंचीला राहिला तर चाक उत्तम झालं.

चौथी पायरी: आता बॅलन्सिंग

वजन असमान कशामुळे होतं? लांब वॉल्व्ह, तारांत अडकवलेला रिफ्लेक्टर, स्पीडोमीटरचा चुंबक, टायरच्या आत लावलेलं जाड ठिगळ, आणि रिमचा जोड. जोड बहुधा वॉल्व्हच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे वॉल्व्हचं वजन त्याला थोडंफार तोलून धरतं. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (पंक्चर बुजवणारा द्रव) असतं. सायकल रात्रभर उभी राहिली की ते तळाला साचतं, आणि सुरुवातीचं काही अंतर चाक धडधडतं. त्याला दोष म्हणू नका. पण तेच वाळून एका जागी गोळा झालं तर ते काढावं लागतं. सीलंट ओलं असताना बॅलन्स तपासण्यात अर्थ नाही.

१. चाक मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक पॅड कुठेही घासू नयेत. मागचं चाक असेल तर चेन काढा. सीलबंद बेअरिंगचं रबर थोडं अडवतं, म्हणून पाच-सात ग्रॅमचा फरक अशा चाकात दिसणारच नाही. डायनॅमो हबच्या चाकावर तर ही चाचणी करताच येत नाही.

२. चाक हळू फिरवून सोडा. थांबल्यावर सगळ्यात खालच्या जागी खडूची खूण करा. तीनदा करा. तिन्ही वेळा तीच जागा खाली आली तर ती जड. दर वेळी वेगळीच जागा आली तर चाक ठीक आहे, इथेच थांबा.

३. जड जागा घड्याळातल्या तीनवर आणून सोडा. समोर, नऊवर, टेपने वजन लावत जा, जोवर चाक सोडल्यावर जागच्या जागी थांबत नाही. चाचणीपुरती नाणी चालतात. २०११ च्या मालिकेतलं ५ रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं आणि २ रुपयांचं ४.८५ ग्रॅमचं असतं. लागलेलं एकूण वजन मोजून लिहून ठेवा.

४. वजन विकत आणण्याआधी रिफ्लेक्टर सरकवून बघा. तो हलक्या बाजूला नेला की बऱ्याचदा काम होऊन जातं. रिफ्लेक्टर काढून मात्र टाकू नका. संध्याकाळी कासहून उतरताना बाजूने येणाऱ्या गाडीला तेवढंच दिसतं.

५. तरी कमी पडलं तर टायरच्या दुकानात मिळणारे ५ ग्रॅमचे चिकटते तुकडे घ्या. रिमच्या आतल्या पृष्ठभागावर, दोन निपलांच्या मधे, स्पिरिटने पुसून चिकटवा आणि वरून कापडी टेप गुंडाळा. ब्रेक जिथे लागतो त्या पट्टीवर काहीही चिकटवू नका, टायरच्या आतही वजन ठेवू नका. दुसरा मार्ग म्हणजे सोल्डरिंगची तार. हवं तेवढं वजन तोलून घ्या, निपलजवळ चाकाच्या तारेभोवती घट्ट गुंडाळा आणि टोक आत दाबून वर टेप लावा. ही तार सुटत नाही, म्हणून खराब रस्त्यांसाठी हाच मार्ग बरा.

सायकलचं चाक अरुंद असतं, त्यामुळे मोटारीसारखं आतल्या आणि बाहेरच्या बाजूचं वेगळं बॅलन्सिंग करावं लागत नाही. शेवटचे दोन-तीन ग्रॅम जुळवण्यात वेळ घालवू नका. पुढच्या पंक्चरला ट्यूब बदलली की ते परत बिघडणारच आहेत.

वॉबल आलाच तर

हे पाठ करून ठेवा आणि सपाट रस्त्यावर दोन-चार वेळा करून बघा.

हँडल आवळू नका. आवळलेले हात झोक्याला बळ देतात. पेडल मारणं थांबवा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा आणि एक किंवा दोन्ही गुडघे फ्रेमच्या आडव्या दांडीला घट्ट लावा. झोका मोडायला सगळ्यात जास्त उपयोग याच एका गोष्टीचा होतो. मग बूड सीटवरून केसभर उचलून वजन पेडलवर घ्या, आणि मागचा ब्रेक हलक्या हाताने, थोडा पुढचाही, असा वेग तिशीच्या खाली आणा. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर पडणं जवळपास ठरलेलं.

थंडीत पहाटे घाट उतरताना अंग कुडकुडतं आणि ती कुडकुड हातांतून हँडलमध्ये उतरते. वारा अडवणारं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हासुद्धा वॉबलवरचा उपाय आहे. मागच्या कॅरिअरवर उंच बांधलेलं, हलणारं सामान काढा किंवा खाली बांधा, आणि कॅरिअरचे बोल्ट आवळा. हँडलला लटकवलेली पिशवी घाटात नकोच.

चाचणी कुठे आणि कशी

एका वेळी एकच बदल करून तपासा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. थेट घाटात जाऊ नका. सरळ, कोरडा, शेवटपर्यंत दिसणारा हलका उतार निवडा, सकाळी रहदारी नसताना. आधी २५, मग ३५, मग ४५, प्रत्येक वेगाला काही सेकंद, दोन्ही हात हँडलवर. साधारण ५० किलोमीटर चालल्यावर रिमचा आऊट पुन्हा एकदा बघा, कारण तारा बसतात.

टायर, हब, हेडसेट, रिम आणि वजन एवढं सगळं झाल्यावरही त्याच वेगाला हँडल डोलत असेल तर फ्रेम धुऊन कोरडी करा आणि उजेडात न्या. हेडट्यूबला खालची दांडी जिथे जोडली आहे तिथे, आणि फोर्कच्या माथ्यावर, रंगात केसासारखी रेष आहे का बघा. तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ती चीर आहे असंच समजा, आणि जाणकाराने फ्रेम तपासेपर्यंत त्या सायकलवर बसू नका. रेष नसेल तर दुसऱ्या सायकलचं, नक्की चांगलं असलेलं पुढचं चाक उसनं घेऊन पुढे लावा आणि तोच उतार पुन्हा उतरा. ते लावून थरथर गेली तर दोष तुमच्या चाकातच राहिलाय. नाही गेली तर फोर्क सरळ आहे का, हे फ्रेमचं काम करणाऱ्याकडून मोजून घ्या.